आकाराला ऋतू लागतो

अमेरिकेत नाताळच्या दिवसांत घरी केला जाणारा एक गोड प्रकार दिसायला हुबेहूब पाइनच्या शंकूसारखा असतो. भाजलेल्या शेंगदाण्यांचे लोणी, म्हणजे बाजारातले पीनट बटर, पिठीसाखरेने घट्ट करून त्याचा छोटा शंकू वळतात, चॉकलेटमध्ये घोळवलेल्या मक्याच्या पाकळ्या त्यात खवल्यांसारख्या खोचतात आणि शेवटी वरून थोडी पिठीसाखर भुरभुरतात. ती बर्फाची जागा घेते. कृती सोपी आहे आणि लागणारे जिन्नस आता तालुक्याच्या गावीही मिळतात. तेव्हा वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातल्या कामरगावात कोणी तो करायचे ठरवले तर अडचण यायला नको, असे वाटते. पण हाच शंकू मे महिन्यात केला तर बघता बघता ताटलीत पसरतो, श्रावणात केला तर चिकट होतो, आणि पौषात केला तर आठवडाभर उभा राहतो. हात तेच, जिन्नस तेच, प्रमाणही तेच. माझे म्हणणे असे आहे की सणाच्या गोडाचा आकार करणाऱ्याच्या कौशल्यावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो आकार तोलून धरणाऱ्या पदार्थावर आणि त्या पदार्थाला मानवणाऱ्या हवेवर अवलंबून असतो. परदेशातला गोड पदार्थ आपल्या गावात रुजवायचा असेल तर त्याची कृती उतरवून घेण्याआधी त्याचा ऋतू शोधावा लागतो.

आपले जुने सण या बाबतीत फार चोख आहेत. वऱ्हाडात होळीच्या सुमारास बाजारात साखरेच्या गाठ्यांच्या माळा लटकू लागतात. इतरत्र त्याच गाठी पाडव्याला गुढीवर चढतात. गाठीचा आकार साखरेच्या स्फटिकांनी तोलून धरलेला असतो. पाक साच्यात ओतला, मधून दोरा घातला, पाक निवला की स्फटिक एकमेकांत गुंतून घट्ट होतात. साखर वितळायला दीडशे अंशांहून कितीतरी अधिक उष्णता लागते, म्हणून फाल्गुन-चैत्रातले चाळीस अंशांचे ऊन गाठीचे काहीच बिघडवत नाही. तिचा खरा शत्रू दमट हवा, आणि ती विदर्भात त्या दिवसांत औषधालाही सापडत नाही. तीच गाठ आषाढात दारावर टांगली तर दोन दिवसांत पाझरू लागेल. भाद्रपदातला उकडीचा मोदक याच्या उलट आहे. हवेत ओल भरपूर, साखरेचा नाजूक आकार टिकणे कठीण. तेव्हा आकार धरण्याचे काम तांदळाच्या पिठीकडे जाते. उकड काढताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, लवचीक होतो आणि मोदकाच्या कळ्या सांभाळतो. हा आकार एका दिवसाचा असतो आणि नैवेद्याला तेवढा पुरतो. विदर्भात पुष्कळ घरी मोदक कणकेचे आणि तळलेले असतात. तिथे आकार तळणीने पक्का होतो. संक्रांतीच्या हलव्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. परातीत तीळ किंवा खसखस घेऊन, मंद आचेवर, पाक थेंबाथेंबाने सोडत हाताने हलवत राहिले की दाण्यावर काटा येतो. थंड, कोरड्या हवेत हा काटा चांगला फुलतो, हे हलवा करणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत. पाकातले पाणी झटकन उडून साखर जागच्या जागी स्फटिकरूप होण्याला तशी हवा सोयीची, हे त्यामागचे कारण. गाठी, मोदक आणि हलवा यांच्या जागा पंचांगात अदलाबदल करून पाहा, तिन्ही बिघडतील.

आता शंकूकडे येऊ, आणि आधी त्याच्या गाभ्याकडे. वऱ्हाडात ज्यांना फल्लीदाणे म्हणतात ते भुईमुगाचे दाणे वजनाने जवळपास निम्मे तेलाचे असतात. पाव हिस्सा प्रथिने असतात. हे तेल खोलीच्या तापमानाला द्रव राहते, वाशिमच्या कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. म्हणून दाणे मिक्सरमध्ये फिरवत राहिले की आधी कूट होतो, मग कुटाचा गोळा भांड्याच्या कडेला चिकटतो, आणि आणखी काही मिनिटांनी पेशी फुटून मोकळे झालेले तेल सगळ्याला ओले करते व वाहती लगदी तयार होते. यात पाण्याचा थेंब नसतो. दळलेले कण तेलात तरंगत असतात. अशा लगदीला स्वतःचा कणा नाही. पिठीसाखर किंवा दूध पावडर मिसळून ती वळण्याइतकी घट्ट करता येते, पण ती घट्टाई कणांच्या दाटीची आहे. थोडी उष्णता लागली, तेल थोडे पातळ झाले की कण एकमेकांवरून घसरू लागतात आणि शंकू बसतो. लाडू गोल का वळतात याचेही एक उत्तर यात आहे. थोडा बसला तरी फारसा न बिघडलेला दिसणारा आकार गोलच. शंकू, त्यातून खवल्यांचा शंकू, हा असल्या लगदीसाठी धाडसाचा आकार आहे.

पीनट बटरच्या इतिहासातही हीच अडचण दिसते. मॉन्ट्रियलच्या मार्सेलस गिलमोर एडसन यांनी १८८४ मध्ये शेंगदाण्याच्या लगदीचे पेटंट घेतले. पुढे १८९० च्या दशकात मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी दातांनी चावता न येणाऱ्या रुग्णांसाठी सुकामेव्याच्या लगद्या केल्या. त्याच आरोग्यधामात धान्याच्या पाकळ्याही जन्मल्या, म्हणजे आपल्या शंकूचा गाभा आणि खवले यांचे एक जुने घर सामायिक निघते. तरीही बरणीत तेल वर आणि चोथा खाली ही तक्रार सुटली नव्हती. ती जोसेफ रोझफील्ड यांनी १९२० च्या दशकात सोडवली: लगदीत थोडी हायड्रोजनीकरण केलेली, म्हणजे घट्ट केलेली चरबी मिसळायची; तिचे स्फटिक तेलाला जाळ्यात धरून ठेवतात. एक-दोन टक्केही पुरतात. आणि १९२८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी हॅरी रीस यांनी याच लगदीला चॉकलेटच्या वाटीत बसवले. तेलाच्या लगदीला आकार द्यायचा तर तिला घट्ट चरबीचा आधार लागतो, हे दोघांनीही ओळखले होते. रोझफील्ड यांनी तो आधार आतून दिला, रीस यांनी बाहेरून.

बाहेरचा आधार देणारी चरबी म्हणजे कोको बटर, आणि सगळे कोडे तिच्यापाशी आहे. आपल्या ओळखीच्या बहुतेक चरब्या हळूहळू मऊ होतात. तुपात अनेक प्रकारचे स्निग्ध रेणू असतात, प्रत्येकाचा वितळण्याचा अंश निराळा, म्हणून तूप कणीदार, अर्धे घट्ट अर्धे पातळ अशा अवस्थेत बराच काळ राहू शकते. कोको बटर मोजक्या, एकमेकांशी मिळत्याजुळत्या रेणूंचे बनलेले असते. त्यामुळे पंचवीस अंशांना ते कडक असते, मोडले की टक असा आवाज करते, आणि चौतीस-पस्तीस अंशांना जवळजवळ पूर्ण वितळलेले असते. माणसाच्या तोंडाचे तापमान याच्या किंचित वर आहे; जिभेवर चॉकलेट विरघळते ते याच कारणाने, आणि त्यातच त्याचे सगळे सुख आहे. यात आणखी एक गुंता आहे. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकते. त्यातला पाचवा प्रकार चमकदार, कडक आणि चौतीस अंशांच्या आसपास वितळणारा. खालच्या क्रमांकाचे प्रकार मऊ, निस्तेज आणि कमी उष्णतेला वितळणारे. हवा तो प्रकार मिळावा म्हणून चॉकलेट आधी पंचेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत वितळवतात, मग ढवळत सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत उतरवतात, आणि पुन्हा एकतीस-बत्तीसपर्यंत चढवून वापरतात. याला टेम्परिंग म्हणतात. शेवटच्या चढावात नको असलेले स्फटिक वितळून जातात आणि पाचव्या प्रकारचे बी शिल्लक राहते, त्यावर बाकीचे चॉकलेट गोठते. ज्या स्वयंपाकघरात हवाच अडतीस अंशांची आहे, तिथे चॉकलेट अठ्ठावीसपर्यंत उतरवणार कसे? थर्मामीटर कितीही चांगला असला तरी खोलीच जर हवी त्यापेक्षा दहा अंशांनी गरम असेल तर त्याचा उपयोग नाही.

त्यावर शेंगदाण्याचे तेल आपली करामत करते. द्रव तेल कोको बटरमध्ये मिसळले की मिश्रण दोघांच्या मधल्या कुठल्यातरी तापमानाला मऊ पडते. शंकूत गाभ्यातले तेल खवल्यांच्या चॉकलेटमध्ये सावकाश झिरपत असतेच. म्हणून नुसत्या चॉकलेटच्या वडीपेक्षा असा शंकू आधी नरमतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच्यावर पांढुरकी झाक येते. ती बुरशी नव्हे. तेलाबरोबर पृष्ठभागावर आलेले कोको बटर तिथे पुन्हा गोठलेले असते. खायला त्यात धोका नाही, पण रूप जाते.

हे सगळे कामरगावच्या वर्षावर ठेवून पाहिले की उत्तर जवळजवळ आपोआप निघते. विदर्भाच्या या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे जातो; तेव्हा कोको बटर दिवसाच काय, रात्रीही धड गोठत नाही. पावसाळ्यात उष्मा उतरतो पण हवेतली ओल पिठीसाखर आणि मक्याच्या पाकळ्या दोन्ही मऊ करते. दिवाळीला हवा कोरडी होऊ लागलेली असते, मात्र दुपार अजून बत्तीस-तेहतीस अंशांची असते. करंजी, अनारसे, चिरोटे यांना त्याचे काही वाटत नाही, कारण त्यांचा आकार तळणीतच पक्का झालेला असतो. चॉकलेटला मात्र ही दुपार धोक्याची. मार्गशीर्ष लागला की रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरू लागतात, सकाळी नऊ-दहापर्यंत स्वयंपाकघर विशीत असते, आणि भर दुपारीही सावलीतला पारा बहुधा तिशीच्या आतबाहेर थांबतो. शंकूसाठी या भागाला मिळालेली खरी खिडकी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंतची. ती ओळखायला वेधशाळेची गरज नाही. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठते. ज्या सकाळी कपाटातली खोबरेलाची बाटली पांढरी आणि घट्ट झालेली दिसते, ती सकाळ चॉकलेटचे काम करायला योग्य. या खिडकीत दोन सण येतात, नाताळ आणि संक्रांत. वाशिममध्ये नाझरीन मिशनने चालवलेले रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय कित्येक दशकांपासून आहे, त्यामुळे नाताळ या जिल्ह्याला अपरिचित नाही. पण गावभर घरोघर जाऊन गोड हातावर ठेवण्याचा सण संक्रांतच. आणि संक्रांत मुळातच तेलबियांचा सण आहे: तीळ, दाण्याचा कूट, गूळ. थंडीत स्निग्ध खावे हा त्यातला हेतू सगळ्यांना ठाऊक असतो. थंडीत स्निग्ध पदार्थाचा आकार टिकतो, हे त्याच हेतूचे दुसरे अंग फारसे कोणी बोलून दाखवत नाही. शंकूची खरी जागा मला तिथे दिसते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. आज घरोघरी फ्रीज आहे, तर मग ऋतूचे एवढे स्तोम कशाला? मे महिन्यातही चॉकलेट फ्रीजमध्ये गोठतेच. गोठते, हे खरे. पण सणाचा गोड फ्रीजमध्ये खायचा नसतो. तो ताटात मांडायचा, हळदीकुंकवाला आलेल्यांच्या हातावर ठेवायचा, डब्यात घालून शेजारच्या गावी न्यायचा असतो. पाच-सात अंशांवरून काढलेला शंकू चाळीस अंशांच्या खोलीत आला की बाहेरून आत वितळू लागतो. पावसाळ्यात तर आधी त्याच्यावर दव धरते. ते पाणी पृष्ठभागावरची साखर विरघळवते आणि सुकल्यावर खरखरीत पांढरा थर मागे ठेवते. शिवाय फ्रीजमध्ये एकदम गार केलेले चॉकलेट बहुधा चुकीच्या स्फटिकांत गोठते, म्हणजे आधीच लवकर वितळणारे होते. फ्रीजचा उपयोग जरूर आहे, पण तो गाभा वळल्यावर पंधरा मिनिटे घट्ट करण्यापुरता. आकाराची सगळी जबाबदारी यंत्रावर टाकली तर भारनियमनाच्या एका दुपारीच तो आकार गेला म्हणून समजा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाजारात कंपाउंड नावाचे जे चॉकलेट मिळते त्यात कोको बटरऐवजी पामच्या गिरीच्या किंवा तत्सम वनस्पती चरबीचा वापर असतो. त्याला टेम्परिंग लागत नाही, ते वितळवले की लगेच गोठते, आणि त्याचे काही प्रकार उष्णतेला सहजी दाद देत नाहीत. गणेशोत्सवात मिळणारे चॉकलेटचे मोदक पुष्कळदा अशाच चॉकलेटचे असतात. मग ऋतूची अट आपण तंत्राने मोडली की नाही? अंशतः मोडली, हे मान्य करायला हवे. ज्याला ऑगस्टमध्येच शंकू करायचा आहे त्याने कंपाउंडच वापरावे. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जी चरबी चाळीस अंशांच्या खोलीत वितळत नाही ती सदतीस अंशांच्या तोंडातही नीट वितळणार नाही. टाळूला मेणाचा थर चिकटल्यासारखे लागते ते त्यामुळे. टिकाऊ आकार आणि जिभेवरचे विरघळणे ही दोन्ही सुखे एकाच चरबीकडून उन्हाळ्यात मिळत नाहीत, कारण दोन्हींचा निर्णय एकाच तापमानावर होतो. दुसरे म्हणजे पामच्या गिरीची चरबी आणि शेंगदाण्याचे तेल यांचे पटत नाही. तेल झिरपले की कंपाउंडही मऊ पडते. पाकीट घेताना हायड्रोजनीकृत चरबीचा उल्लेखही पाहावा. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ती येण्यामागे हृदयविकाराचे ठोस कारण आहे. माझा कौल थंडीची वाट पाहण्याकडे आहे. चार महिने थांबून जर खरे चॉकलेट मिळत असेल तर थांबावे.

तिसरा आक्षेप रीतीचा. हे सगळे परक्याचे, आपल्या संक्रांतीत त्याचे काय काम? या आक्षेपाचा आदर करूनही त्यातली माहिती दुरुस्त करावी लागते. भुईमूग स्वतः दक्षिण अमेरिकेचा आहे. पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी व्यापारानंतरच तो जुन्या जगात पसरला, आणि काही शतकांत इतका आपला झाला की आज तो उपवासाला चालतो. साबुदाण्याच्या खिचडीचे ताट नीट पाहावे: साबुदाणा ज्या कंदाचा तो कसावा, त्यातला बटाटा, मिरची आणि दाण्याचा कूट, चारही अमेरिकेतून आलेले. कोकोही तिथलाच, मकाही तिथलाच. भारतात कोकोची झाडे आता केरळ, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांत वाढतात. संक्रांतीच्या लाडवात तिळाबरोबर दाण्याचा कूट कधी आला, हे कोणी तारीख देऊन सांगू शकत नाही, पण तो आल्याने संक्रांत बिघडली नाही. भुईमूग किती आपला झाला याचा पुरावा तर जवळच आहे: अकोला हे वाशिमचे जुने जिल्ह्याचे ठिकाण. १९९८ मध्ये वाशिम त्यातूनच वेगळा झाला. तिथल्या कृषी विद्यापीठाचे आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे मिळून टीएजी-२४ हे भुईमुगाचे प्रसिद्ध वाण तयार झाले, आणि नव्वदच्या दशकापासून ते राज्यात उन्हाळी भुईमुगासाठी पेरले गेले. त्या वाणाच्या नावातच ट्रॉम्बे आणि अकोला आहेत. एवढ्या आपल्या झालेल्या दाण्याला नवा आकार द्यायला कोणाची हरकत नसावी. उलट, सोयाबीनच्या रेट्यात या भागातली फल्ली मागे पडली असताना तिच्या खाण्याच्या नव्या वाटा निघाल्या तर त्या हव्याच आहेत.

मात्र याच आक्षेपाचे एक टोक मला पटते. पाइनचा शंकू महाराष्ट्रात कोण पाहतो? चीड, देवदार, चिलगोझा हे हिमालयातले. चिलगोझ्याचे दाणे आपल्याकडे सुकामेव्याच्या दुकानात दिसतात, त्यांचा शंकू दिसत नाही. कोकणच्या किनाऱ्यावरच्या सुरूला शंकूसारखी छोटी काष्ठमय फळे येतात, पण सुरू हे फुलणारे झाड. त्या फळाचे शंकूशी साम्य वरवरचे आहे. खवल्यांचे खरे ओळखीचे फळ म्हणजे सीताफळ. विदर्भाच्या माळरानांत आणि टेकड्यांत ते आपोआप वाढते, त्याचा प्रत्येक डोळा म्हणजे एकाच फुलातला एकेक बीजकोष, सगळे मिळून एक फळ. तेही अमेरिकेचेच, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. मग मिठाई सीताफळाच्या आकाराची का करू नये? मोह मोठा आहे, पण दोन अडचणी आहेत. सीताफळ दसरा-दिवाळीचे, संक्रांतीपर्यंत त्याचा हंगाम सरलेला असतो. आणि त्याचे डोळे फुगीर, एकमेकांना चिकटलेले असतात, ते पातळ पाकळ्यांनी साधत नाहीत, साच्यानेच साधतात. पाकळ्यांनी साधतो तो शंकूच. म्हणून आकार पाइनचा राहू द्यावा, बर्फ मात्र बदलावा. कामरगावात बर्फ पडत नाही. पिठीसाखरेच्या जागी भाजलेले पांढरे तीळ शिंपडावेत. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत, म्हणजे या मिठाईतला सगळ्यात जुना भारतीय जिन्नस तोच ठरेल, आणि संक्रांतीला त्याच्यावाचून चालायचेही नाही.

आता प्रत्यक्ष कृती, कारणांसह. पाव किलो फल्लीदाणे मंद आचेवर खरपूस भाजून, साले पाखडून, पूर्ण निववून घ्यावेत. गरम दाणे दळले तर वाफेचे पाणी लगदीत उतरते. मिक्सरचे भांडे कोरडे ठणठणीत हवे. थांबत थांबत फिरवावे, नाहीतर भांडे तापून तेल आणखी पातळ होते. लगदी चमकू लागली की चिमूटभर मीठ, सुमारे सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर आणि पन्नास-साठ ग्रॅम दूध पावडर मिसळून मळावे. गोळा हाताला तेलकट लागावा पण चिकटू नये; चिकटला तर दूध पावडर वाढवावी. साखरेऐवजी किसलेला कोरडा गूळ घेता येतो आणि संक्रांतीला तो शोभतोही, मात्र गुळात थोडे पाणी असते. गाभ्यात त्याने मिश्रण अधिकच घट्ट होते, ते चालते. चॉकलेटच्या भांड्यात मात्र गुळाचा कणही पडू देऊ नये, कारण वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंबही साखरेचे कण एकत्र आणून त्याचा रवाळ गोळा करतात. गोळ्याचे वीस-पंचवीस ग्रॅमचे भाग करून शंकू वळावेत, तळ सपाट करावा, गार जागी पंधरा मिनिटे ठेवावेत. खवल्यांसाठी नाश्त्याचे कॉर्नफ्लेक्स उत्तम. चिवड्याचे मक्याचे पोहे घेतले तर ते तळून, तेल निथळून, कागदावर पूर्ण कोरडे करून वापरावेत. बदामाचे काप सुंदर दिसतात पण खर्च वाढवतात.

खोचण्याच्या क्रमात शंकूचे गुपित आहे. निसर्गातला पाइनचा शंकू दोन दिशांना वळणाऱ्या सर्पिल ओळींनी भरलेला असतो. मोजल्यास एका दिशेला बहुधा आठ आणि दुसऱ्या दिशेला तेरा ओळी भरतात, कधी पाच आणि आठ. प्रत्येक नवे खवल आधीच्यापासून सुमारे १३७.५ अंशांनी वळून उगवते आणि त्यामुळे कुठलेच खवल दुसऱ्याच्या अगदी पाठीशी येत नाही. हाताने हे कोन मोजण्याची गरज नाही. टोकापासून सुरुवात करून खाली यावे, आणि प्रत्येक पाकळी वरच्या दोन पाकळ्यांमधल्या फटीवर यावी, मंगळुरी कौले घालताना सांध्यावर कौल येते तशी. पाकळीचे टोक किंचित वर झुकलेले असावे. एवढा एक नियम पाळला की त्या दोन्ही दिशांच्या ओळी आपोआप दिसू लागतात, कारण फट भरण्याचा नियम हाताचा असो वा झाडाचा, त्यातून निघणारी रचना सारखीच. पाकळ्या आधी कोरड्याच खोचून घ्याव्यात आणि मग वरून टेम्पर केलेले चॉकलेट ब्रशने लावावे, किंवा प्रत्येक पाकळी बुडवून खोचावी. पहिली रीत सोपी, दुसरी देखणी. बुडवलेल्या पाकळीला एक जास्तीचा फायदा मिळतो, चॉकलेटचे कवच तिला हवेतल्या ओलीपासून वाचवते आणि ती कुरकुरीत राहते. चॉकलेट ओले असतानाच तीळ शिंपडावेत. थर्मामीटर नसेल तर दोन-तृतीयांश चॉकलेट गरम पाण्यावर वितळवून, आचेवरून उतरवून, उरलेले किसून त्यात घालत ढवळावे. किसातले चांगले स्फटिक बियाण्याचे काम करतात. चमच्याच्या टोकाला लावलेले चॉकलेट सकाळच्या गारव्यात पाच-सात मिनिटांत चमकदार गोठले तर ते तयार आहे.

एका शंकूत उष्मांक भरपूर असतात, म्हणजे एका वेळी एक पुरतो. डब्यात कागद घालून, चुलीपासून दूर, दहा-बारा दिवस ठेवावेत. आणि काम सुरू करण्याआधी दाणे निवडण्यात कंजूषपणा करू नये. खरिपाची फल्ली ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघते. ती नीट वाळली नाही, दाण्यातली ओल आठ टक्क्यांच्या वर राहिली, तर ॲस्परजिलस बुरशी धरू शकते आणि तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये शेंगदाण्याच्या पेंडीतून गेलेल्या याच विषाने लाखभर टर्की पक्षी दगावले, तेव्हा जगाला त्याची ओळख पटली. भाजल्याने हे विष पूर्ण नष्ट होत नाही. म्हणून सुरकुतलेला, काळवंडलेला, कडू लागणारा प्रत्येक दाणा बाजूला काढावा; दळल्यानंतर तो ओळखता येत नाही. काहींना शेंगदाण्याची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. तिळाच्या लाडवातला दाणा दिसतो, चॉकलेटच्या खाली तो दिसत नाही. तेव्हा शंकू हातावर ठेवताना, तीळगूळ घ्या म्हणतानाच, यात फल्लीदाणे आणि तीळ आहेत हेही स्पष्ट सांगा, आणि अगदी लहान मुलांना तो मोडून, आपल्यासमोर बसवूनच द्या.